डॉक्टर आता इथे बसत नाहीत

"तो दोतोर आतां हांगा बसना," वॉचमन काका सांगत होते. "चार म्हयने जाले."

समोर एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या कानात कापूस होता. पेडण्याच्या पलीकडून कुठूनतरी दोन बस बदलून आले होते. आजींनी पिशवीतून घडी घातलेला वहीचा कागद काढला आणि काकांपुढे धरला. नातवाने मोबाइलवर बघून लिहून दिला होता: डॉक्टरांचं नाव, वार, वेळ. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक. मी माझ्या बिलाचा चेक न्यायला आले होते आणि त्यांच्या मागेच उभी होते, त्यामुळे तो कागद मलाही वाचता आला. मजकूर माझा होता.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नासेक खाटांच्या त्या इस्पितळाचं संकेतस्थळ मी केलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. पहिल्या पानावर हिरवळ, काचेचा दर्शनी भाग, हसणाऱ्या परिचारिका. कानाचे डॉक्टर सोडून गेले हे मला कोणी कळवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. आजी आजोबांना म्हणाल्या, "चल, आतां बस चुकतली," आणि दोघं आली तशी गेली. ते पान मी लिहिलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. चेक मात्र घेतला.

तेव्हापासून पर्वरीला बसून मी हेच काम करते. इस्पितळं, दवाखाने, एक-दोन तपासणी केंद्रं, त्यांचं इंटरनेटवरचं सगळं. पहिली बैठक कशी होते ते आता पाठ झालंय. ड्रोनने घेतलेला इमारतीचा फोटो हवा असतो. संचालकांचं मनोगत हवं असतं. 'अत्याधुनिक' हा शब्द हवा असतो. अत्याधुनिक नसलेलं एकही इस्पितळ मला गोव्यात अजून भेटायचंय. मग प्रश्न येतो, "गुगलवर पहिला नंबर किती दिवसांत?" आयसीयूबाहेर उभा असलेला नातेवाईक 'किती दिवसांत बरे होतील' असं विचारतो, तेव्हा हेच डॉक्टर 'आत्ताच सांगता येत नाही' म्हणतात. मीही तेच म्हणते. त्यांना ते आवडत नाही.

गोव्यात घरात कोणी आजारी पडलं की डॉक्टर कुठला चांगला हे नंतर. आधी विचारतात, "बांबोळीत कोणी ओळखीचं आहे का?" बांबोळी म्हणजे गोमेकॉ, गोवा वैद्यकीय महाविद्यालय, १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकशाळेची आजची वारसदार. तिला जाहिरात कधी लागली नाही. 'बांबोळीक व्हेलो', बांबोळीला नेलं, एवढं कानावर पडलं की ऐकणारा हातातलं काम थांबवतो. पण तिथे जायचं तर ओळखीचं माणूस लागतं. डॉक्टरच हवा असं नाही, लिफ्टवाला चालतो, लॅबमधली शेजाऱ्याची सून चालते. हे ओळखीचं माणूस करतं काय? रोग बरा करत नाही. रांग मोडून देतं कधीकधी, लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक वेळा ते फक्त सांगतं. उद्या येऊ नका, मोठे डॉक्टर परिषदेला गेलेत. जुने रिपोर्ट आणा, सगळे. उपाशीपोटी या. केसपेपर काढायला आधी एकाने पुढे या, पेशंटला मागाहून आणा. गाडी त्या बाजूला लावू नका, उचलतात.

असं माणूस ज्याच्याकडे नाही, तो मोबाइल काढतो. इस्पितळाच्या संकेतस्थळाने त्याच्यासाठी ते ओळखीचं माणूस व्हायचं असतं, एवढं मला त्या कागदाने शिकवलं. बाकीची सगळी रणनीती मी याच्याभोवती गुंडाळते आणि बिलात तिला मोठी नावं देते.

आता मोबाइल काढलेला माणूस टाइप काय करतो? 'रुग्णालय' तर नक्की नाही. आमच्याकडे इस्पितळ म्हणतात, पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला शब्द. पाटीवर मात्र 'हॉस्पिटल' असतं, आणि निमसरकारी मराठीत 'रुग्णालय'. म्हणजे एकाच दारासाठी तीन शब्द झाले. त्यात गावांची नावं. साखळीची मुलगी गाव सांगताना साखळी म्हणते, टाइप करताना 'सांकेलिम' करते, आणि तिचा भाऊ उच्चाराप्रमाणे 'सांखळी' करतो. डिचोलीचं कागदावर 'बिचोलिम', पेडण्याचं 'पेर्नेम', काणकोणचं 'कानाकोना', म्हापशाचं 'मापुसा'. पणजीला तर पणजी, पंजी, पांजिम, जे बोटाला येईल ते. बाहेरून आलेल्या एजन्सीचा मुलगा कीवर्डची यादी घेऊन येतो, तेव्हा त्यात प्रत्येक गाव एकदाच असतं. मी त्याला चहा देते आणि यादी परत देते.

सरकारी इस्पितळांची गंमत निराळी. कागदावर 'उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ'. म्हापशातल्या रिक्षावाल्याला हे नाव सांगून बघा. त्याला 'आझिलो' कळतं. मडगावला इमारत नवी झाली, पाटी नवी लागली, तरी लोकांच्या तोंडी हॉस्पिसियोच. लोकांच्या तोंडचं नाव पानावर कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, नकाशावर ते सापडेल असं बघावं लागतं. अधिकृत नावाला त्याने काही कमीपणा येत नाही.

नकाशा हाच या धंद्याचा अर्धा भाग आहे, हे मला उशिरा कळलं. लोक संकेतस्थळापर्यंत पोचतच नाहीत. शोधतात, समोर गुगलची चौकट येते, त्यात फोन, वेळ, रस्ता, तारे. तिथूनच फोन लावतात. एका इस्पितळाच्या अशा पाच नोंदी मला सापडल्या होत्या. एक जुन्या जागेवर, एक रस्त्याच्या पलीकडे, एक कोणा रुग्णाने प्रेमाने स्वतःच तयार केलेली. त्यातल्या एकीवरचा फोन शेजारच्या फार्मसीत वाजायचा. तो फार्मसीवाला बिचारा वर्षभर डॉक्टरांच्या वेळा सांगत होता, आणि मी भेटायला गेले तेव्हा इस्पितळापेक्षा त्यालाच त्या जास्त नीट माहीत होत्या. असल्या बेवारशी नोंदी साफ करणं हे कंटाळवाणं काम. पण नोंदीत बदल कोणीही सुचवू शकतो, आणि खोटा नंबर घालून 'नाव नोंदवायला दहा रुपये पाठवा' म्हणत खातं रिकामं करणारे भामटे देशभर आहेत. इस्पितळाने आपली नोंद स्वतःच्या ताब्यात घेतली नाही, तर ती कोणाच्या तरी ताब्यात जाते.

जाहिरात हा शब्द मी जपून वापरते. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम आहेत. त्यांत रुग्णांना आपल्याकडे ओढण्यासाठी जाहिरात करणं सरळ अनैतिक ठरवलंय. मात्र वर्तमानपत्रात रीतसर निवेदन द्यायला सात प्रसंगी मुभा आहे: प्रॅक्टिस सुरू करताना, प्रॅक्टिसचं स्वरूप बदलताना, पत्ता बदलला तर, काही काळ कामावर नसाल तर, पुन्हा सुरू करताना, दुसऱ्याची प्रॅक्टिस घेतली तर, आणि आपली फी जाहीर करायला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं फोंड्याचं घर आठवलं. बाबा सकाळी 'नवप्रभा' वाचायचे आणि त्यातली एक छोटी चौकट आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. डॉ. अमुक अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गोव्याबाहेर असतील, रुग्णांनी नोंद घ्यावी. आई लगेच हिशेब करायची, माझ्या गोळ्या संपायच्या आत येतील ना? मला तेव्हा वाटायचं, हे काय छापायचं? डॉक्टर गावाला गेले तर गेले. आता वाटतं, जाहिरातीत 'मी नाही' असं सांगणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. आणि त्या चौकटीने डॉक्टरांचं नाव घरात जितकं पक्कं केलं, तितकं हल्लीच्या दहा फलकांनी होत नाही. जो नसताना कळवतो, तो असताना असतो, असा आईचा साधा हिशेब होता.

इंटरनेटवर मात्र कोणीच कधी गैरहजर नसतं. सगळे डॉक्टर सगळे दिवस, कोटाची बटणं लावून, हात बांधून हसत उभे. 'चोवीस तास सेवा'. म्हणजे रात्री दोन वाजता कोण असतं? ड्यूटीवरचा एक तरुण डॉक्टर असतो, चांगला असतो, आणि सर्जन फोनवर असतात. हेच लिहा ना, मी सांगते. "रात्री ड्यूटी डॉक्टर तपासतील, गरज पडल्यास तज्ज्ञांना बोलावलं जाईल." एका संचालकांनी यावर मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या की समोरच्यांच्या?"

२०२३च्या २ ऑगस्टला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले. त्यांत समाजमाध्यमांसाठी खास भाग होता: लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका, रुग्णांकडून स्तुती मागून ती मिरवू नका. मी ते छापून भिंतीवर लावले. २३ ऑगस्टला सगळे नियम स्थगित झाले. एकवीस दिवस. कागद अजून भिंतीवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात. थोडक्यात, आज डॉक्टरांना लागू आहेत ते नियम वर्तमानपत्रातल्या चौकटीच्या काळातले, आणि इस्पितळ म्हणजे काही डॉक्टर नव्हे, असा युक्तिवाद करून त्याच डॉक्टरांचा चेहरा महामार्गावर वीस फुटी झळकतो.

या धंद्यातला एक शब्द मला अजून सोसत नाही: लीड. ज्याने फॉर्ममध्ये नाव आणि नंबर भरला तो लीड. त्याला फोन केला, त्याने उचलला, तर गरम लीड. शस्त्रक्रियेला तयार झाला तर 'कन्व्हर्ट झाला', जणू धर्म बदलला. माझ्या मावशीने एकदा एका बाहेरच्या मोठ्या इस्पितळाच्या पानावर गुडघ्याविषयी चौकशी केली होती. फक्त खर्च किती येतो ते बघायचं होतं तिला. पुढचे तीन आठवडे फोन. सकाळी कोणी नेहा, दुपारी कोणी राहुल, "मॅडम, गुडघा कसा आहे?" मावशी पहिल्या दिवशी हरखली, एवढ्या आपुलकीने विचारपूस तिच्या मुलानेही केली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आदल्या दिवशी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही. मग ती खोटं सांगू लागली. "गुडघा बरा आहे, देवाच्या दयेने." फोन तरी थांबेना.

खरं तर कंपन्यांनीही इथे थोडी लाज बाळगलीय. २०२२च्या जानेवारीत फेसबुकवाल्या मेटाने आरोग्याच्या विषयांतल्या रसावरून माणसं हेरून जाहिरात दाखवण्याची सोय काढून टाकली. एखाद्याच्या आजाराचा माग काढून त्याला जाहिरात दाखवायला गुगलचीही मनाई आहे. मावशीचा माग यंत्राने नाही, माणसांनीच काढला, तिनेच दिलेल्या नंबरावर. म्हणून मी फॉर्म करते तेव्हा त्यात आजाराचा रकाना ठेवत नाही. नाव, फोन, कधी फोन करू. आणि एक ओळ: एकदाच फोन करू. इस्पितळाचे लोक कुरकुरतात. मग मी त्यांना मावशीची गोष्ट सांगते.

तारे. यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, पण एक सांगतेच.

लोक इस्पितळाला तारे कशावरून देतात ते मी बरीच वर्षं वाचतेय. टाके कसे घातले हे कोणाला कळत नाही. म्हणून पार्किंगला तारे देतात, एसीला देतात, रिसेप्शनवरच्या मुलीच्या चेहऱ्याला देतात. एका इस्पितळाची सगळ्यांत लांब पंचतारांकित प्रतिक्रिया कँटीनच्या भाजी-पावावर आहे. यात हसण्यासारखं काही नाही. जे कळतं त्यावरून माणूस न कळणाऱ्याचा अंदाज बांधतो. ज्यांनी पातळ भाजी दिली नाही, ते औषधही पातळ देणार नाहीत.

पण एक तारा वेगळा असतो. एका मुलाने लिहिलं होतं की आमची आई इथे गेली, कोणी लक्ष दिलं नाही. चार ओळी, चुकांसकट, रात्री उशिरा लिहिलेल्या. डॉक्टरांनी मला सकाळी उत्तर पाठवलं, 'हे टाका'. दीड पान. आणताना किती उशीर केला होता, साखर किती होती, आधी कुठे दाखवलं होतं, कोणत्या गोळ्या बंद केल्या होत्या, सगळं तारखेनिशी. आणि मला वाटतं, सगळं खरं. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनाही लागलं होतं.

मी ते टाकलं नाही. फोन केला. म्हटलं, डॉक्टर, यातलं एक वाक्यही आपल्याला लिहिता येणार नाही. त्या बाई आपल्या पेशंट होत्या, एवढंसुद्धा नाही. मुलाला त्याच्या आईविषयी चारचौघांत बोलायचा हक्क आहे, आपल्याला नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे ऐकून घ्यायचं?" मी म्हटलं, हो. आम्ही दोन ओळी लिहिल्या: तुमचं दुःख आम्ही वाचलं, तुम्हाला आमच्याशी बोलायचं असेल तर या नंबरावर डॉक्टर स्वतः बोलतील. नंबर डॉक्टरांचाच दिला, माझा हट्ट. मुलाने फोन केला की नाही ते मी कधी विचारलं नाही. तारा अजून एकच आहे. पॅकेजमध्ये पंचतारांकित प्रतिक्रिया विकणारे त्याच आठवड्यात आले होते; तो एक तारा खाली ढकलून देतो म्हणाले.

लेखांचं प्रकरण जरा सुखाचं. पूर्वी इस्पितळांच्या पानावर कुठून तरी उचललेले लेख असत, 'मधुमेह: कारणे व उपाय' थाटाचे. १ ऑगस्ट २०१८ला गुगलने क्रमवारीचे निकष बदलले आणि आरोग्यविषयक पानांची इतकी उलथापालथ झाली की धंद्यातल्यांनी त्या बदलाला 'मेडिक' असंच नाव पाडलं. माझं एक गिऱ्हाईक पहिल्या पानावरून कुठे गेलं ते सापडेना. उचललेले लेख माझ्या संमतीनेच गेले होते, त्यामुळे ओरडायला तोंड नव्हतं. मग आम्ही फिजिओथेरपिस्ट बाईंना लिहायला बसवलं. त्यांना लेख जमेना, म्हणून मी प्रश्न विचारले आणि त्यांनी बोलून सांगितलं. गुडघा बदलल्यावर गावच्या घरातल्या भारतीय संडासाचं काय करायचं? मातीच्या पायऱ्या कशा चढायच्या? चवथीला जमिनीवर बसून पूजा करता येईल का? ते पान आजही सगळ्यांत जास्त वाचलं जातं. त्यात 'अत्याधुनिक' शब्द नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी तर उकड्या तांदळाच्या पेजेवर लिहिलं, आणि त्याखाली पेज सोडायला तयार नसलेल्या डिचोलीच्या एका आजोबांनी नातीकडून कडक निषेध टाइप करून घेतला.

वेळ महत्त्वाची. सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडतापाची लागण दिसू लागली. जंगलातल्या गोचिडीपासून होणारा हा ताप थंडीपासून उन्हाळ्यापर्यंतचा, नेमक्या काजूच्या मोसमातला. बागायतीत उतरायच्या आधी हातपाय झाका, ताप आला तर काजूत गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, हे वाळपईच्या माणसाला डिसेंबरात दिसलं पाहिजे. एप्रिलमध्ये दिसून काय उपयोग? एजन्सीच्या कॅलेंडरवर मात्र डिसेंबरात नाताळची ग्रीटिंगं असतात.

आणि कार्डं. गोव्याची दीनदयाळ ही सरकारी आरोग्य विमा योजना २०१६ची. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. कोणत्या इस्पितळात कोणत्या उपचाराला ती चालते, हा फोनवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि संकेतस्थळांवर सर्वांत कमी लिहिलेलं उत्तर. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या लोकांची तऱ्हा आणखी अवघड. त्यांची बांबोळी पिढ्यान्‌पिढ्यांची. २०१८च्या जानेवारीत गोमेकॉने गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा तिकडे आंदोलनं झाली. माझं माहेरचं अर्धं गणगोत त्या बाजूचं, त्यामुळे तेव्हा माझा फोनच बांबोळीचा चौकशी कक्ष झाला होता. कोणाला किती पडतील, कोणता कागद लागेल. यातलं प्रत्येक उत्तर एका पानावर मावलं असतं. खासगी इस्पितळांना मी तेव्हापासून सांगते, 'आमच्याकडे हे कार्ड चालत नाही' हेही ठळक लिहा. बस बदलून येणाऱ्याला ते घरीच कळू दे.

त्या पहिल्या इस्पितळाचं काम अजून माझ्याकडेच आहे. हिरवळ काढली. आता पान उघडलं की सगळ्यांत वर एक पट्टी असते: आज कोण बसणार नाहीत. ही पट्टी सुरू करायला मला दोन वर्षं भांडावं लागलं. संचालकांना वाटायचं, पेशंट शेजारी जातील. काही जातातही. बाकीचे फोन करून विचारतात, मग परत कधी येणार?

पट्टीची माहिती कोण देणार, हा प्रश्न होता. कार्यालयातून येईपर्यंत अकरा वाजत. मग मी वॉचमन काकांनाच विचारलं. कोण आला, कोणाची गाडी लागली नाही, कोण कायमचा गेला, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. ते निवृत्त व्हायला आले आहेत, पण रोज सकाळी पावणेआठला त्यांचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप येतो, मागे फाटकाचा कर्रर्र आवाज. आजचा असा होता: "बाय, आयज हाडांचो दोतोर ना. भाचयेच्या लग्नाक गेला. सोमारा येतलो."

हाडांचे डॉक्टर आज नाहीत, सोमवारी येतील, असं मी लिहिलं. लग्नाचं गाळलं.